ओळखीचा रकाना

त्या माणसाला मी मनात अजूनही 'सर' म्हणते, आणि दर वेळी माझा मलाच राग येतो. माझी जीभ घरात प्रसिद्ध आहे. ज्याला जे म्हणायचं ते मी तोंडावर म्हणते. पण या माणसापाशी येऊन ती अडते. एकदा सर म्हटलं की म्हटलं, मग त्याने केसाने गळा कापला तरी तो सरच. इथे मी त्यांचं नाव घेणार नाही. कुणाचंच घेणार नाही, माझंही नाही.

नव्वदीच्या मधल्या वर्षांत चंद्रपुरात एका कापडाच्या दुकानावर सरांचा कॉम्प्युटर क्लास होता. चार मशीन, पंधरा पोरं, एक एसी. तो एसी आमच्यासाठी नव्हता, मशीनसाठी होता. चपला जिन्यात काढायच्या, कारण चंद्रपूरची कोळशाची भुकटी चपलेबरोबर आत येते आणि मशीनच्या छातीत बसते, असं सर सांगत. आमच्या छातीचं काय, हे कुणी विचारत नसे. आम्ही दोन मुली होतो. दुसरीचं लग्न ठरलं आणि ती फ्लॉपीचा डबा मला देऊन गेली, म्हणून मी एकटी उरले.

सर शिकवायचे मात्र उत्तम. हे कबूल करायला आजही जिवावर येतं. ते म्हणत, "प्रोग्रामर गल्लीत दहा मिळतील. सिस्टीम अनालिस्ट तो, ज्याला बसता येतं. कारकुनाच्या शेजारी जाऊन बसायचं. तो काय सांगतो ते लिहायचं नाही, तो काय करतो ते लिहायचं." हे वाक्य मी वहीच्या पहिल्या पानावर लाल शाईने लिहून ठेवलं होतं. सिस्टीम अनालिस्ट! त्या शब्दाने मला असं धरलं की बी.एस्सी.चा निकाल लागला त्या दिवशीही मी पेढे न्यायच्या आधी क्लासला गेले.

घरी या शब्दाची वेगळीच शोभा झाली. अब्बा घड्याळं दुरुस्त करायचे, जटपुरा गेटच्या आतल्या बाजूला, कपाटाएवढ्या दुकानात. आमच्या घरात हिंदी, शाळेत मराठी आणि मोहल्ल्यात दोन्हींची खिचडी. मी म्हटलं, "अब्बा, मला अनालिस्ट व्हायचंय." त्यांनी डोळ्यावरचं भिंग वर केलं आणि म्हणाले, "अनपढ मतलब जो पढ़ा नहीं. अन-लिस्ट मतलब? जिसका लिस्ट में नाम नहीं?" मग स्वतःच हसत बसले. गिऱ्हाइकालाही सांगितलं. महिनाभर मोहल्ल्यात माझं नाव 'अन-लिस्ट' पडलं होतं.

पण अब्बांनी अडवलं नाही. स्थळं येत होती, ती त्यांनी अम्मीच्या डोळ्यांकडे न बघता परत पाठवली. त्यांची अट एकच होती: नेमणुकीचं पत्र दाखव. क्लासमध्ये पोरांना शिकवणं, लोकांचे बायोडाटा टाइप करून देणं, याला ते नोकरी मानत नसत. पत्रावर तुझं नाव आणि तुझं पद छापलेलं दाखव, मग मी अम्मीला बघून घेतो. मी सरांना हे सांगितलं. सर म्हणाले, "एक मोठं काम येतंय. ते चालू झालं त्या दिवशी तुझं पत्र. सिस्टीम अनालिस्ट, माझ्या लेटरहेडवर." माझा विश्वास बसला. विश्वास पानिपतात गेला असं लोक म्हणतात. माझा मी त्या दिवशी हाताने नेऊन ठेवला.

काम खरंच आलं, दोन हजार सालाच्या पुढेमागे. गडचिरोली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कार्यालयात जंगलातल्या गावांची कुटुंबयादी होती, ती कॉम्प्युटरवर चढवायची होती. रेशन, बियाणं, पोराचा आश्रमशाळेतला दाखला, सगळं त्या यादीवर चाले. यादीत नाव असेल तर माणूस आहे, नसेल तर अर्ज करा. त्या तालुक्याच्या गावी माझी एक खाला, अम्मीची बहीण, बांगड्या विकायची. मी तिच्याकडे राहायचे, सकाळी दहाला कार्यालयात जायचे आणि एका कारकुनाच्या शेजारी स्टूल ओढून बसायचे. सरांनी शिकवलं होतं तसं.

तो कारकून निवृत्तीला दोनेक वर्षं उरलेला, पोंभुर्ण्याचा माणूस. घर तिकडे, बायको तिकडे, शनिवारी एसटीने जायचा. गुडघे गेलेले. त्याला मी भाऊ म्हणायचे. पहिले तीन दिवस तो माझ्याशी एक शब्द बोलला नाही. त्याला वाटलं, मी तपासणीवाली. चौथ्या दिवशी त्याने न राहवून विचारलं, "बाई, तू दिवसभर काय पाहून राह्यली? माह्या तोंडावर काई लिवलं हाय का?"

"तुम्ही काम कसं करता ते बघते, भाऊ."

"पाह्य बाप्पा. बावीस वर्सांत कोनी पाह्यलं नाई, तू पाह्य."

मग मी बघितलं. खिडकीशी बायका येत. एकीने नाव सांगितलं की भाऊ नोंदवही उघडायचा, बोट फिरवायचा आणि मान वर न करता गोंडीत एक छोटासा प्रश्न विचारायचा. ती उत्तर द्यायची, मग त्याचं बोट एका ओळीवर थांबायचं. प्रत्येक वेळी प्रश्न विचारला जाई असंही नाही. कधी तो नुसता चेहरा बघून ओळ सांगे. नियमात या प्रश्नाला कुठेच जागा नव्हती. नियम म्हणत होता: नाव, पतीचे नाव, आडनाव, गाव. मी माझ्या कामाच्या आकृतीत बाण काढत बसायचे आणि तो प्रश्न कुठल्या बाणावर बसवावा ते कळायचं नाही.

एकदा वही उघडी ठेवून तो पाणी प्यायला गेला. मी वाकून बघितलं. एकाच गावात एकाच नावाच्या चार बायका. आडनाव तेच. चौघींच्या नवऱ्यांचं नावही तेच. आणि समासात, अगदी बारीक, पेन्सिलीने: 'डो', 'मो', 'ल', आणि चौथीपुढे नुसतं एक टिंब.

"हे काय आहे, भाऊ?"

त्याने वही मिटली. "काई नाई. ते आमचं हाय."

ते 'आमचं' काय, हे कळायला मला आठवडा लागला. खालाच्या घरून डब्यात आणलेले शामी कबाब त्याला आवडले. तो खायचा, आणि घरी सांगायचा नाही. मग एका दुपारी वीज गेली, खिडकी रिकामी होती, आणि त्याने स्वतःच वही उघडली. तिकडच्या कित्येक घरांत लेकराचं नाव जन्माच्या वारावरून ठेवतात. बुधवारी जन्मलेल्यांचं एक नाव, शुक्रवारी जन्मलेल्यांचं दुसरं. आठवड्याला वार सात आणि गावाला आडनावं दोन. मग एकाच नावाच्या चौघी निघाल्या तर नवल काय? गावात कुणाचा गोंधळ होत नाही, कारण गाव माणसाला ओळखतं. गोंधळ कागदाला होतो.

"हे डो म्हंजे डोहाकडली," तो म्हणाला. "खिडकीशी मी तेच पुसतो, कोनीकडली म्हून. मो म्हंजे मोहाजवळची. ल म्हंजे लहानी, ते आता साठीची झाली, पन लहानीच."

"आणि टिंबवाली?"

"तिले मी ओळखतो. तिले कायले खून पाह्यजे?"

"मग शाईने का नाही लिहिलं?"

तो माझ्याकडे असं बघत राहिला जणू मी कालच जन्मले. "शाईनं लिवलं का सायबाची सही लागते. साहेब म्हनन, हे काऊन लिवलं, कोनाच्या हुकुमानं लिवलं? तपासनी आली का मी सारं खोडतो. तपासनी गेली का परत लिवतो."

"परत? सगळ्या गावांचं? आठवणीने?"

"मंग काय झाडाले विचारतो?"

मला त्या दिवशी नाचावंसं वाटलं, खोटं कशाला सांगू? कॉलेजच्या कुठल्याच पुस्तकात नव्हतं ते मला सापडलं होतं. कार्यालयाची खरी यादी शाईत नव्हती, पेन्सिलीत होती, आणि दर तपासणीला ती एका माणसाच्या डोक्यात मुक्कामाला जात होती. तो निवृत्त झाला की ती पोंभुर्ण्याला जाणार होती. मी म्हटलं, भाऊ, हे मी लिहिते.

तो घाबरला. "नको लिवू, बाई. पायात गोटा पाडशील."

मी त्याला समजावलं. मीच समजावलं, कुणी मला तसं करायला सांगितलं नव्हतं. म्हटलं, कॉम्प्युटरमध्ये एक नवा रकाना करू, 'ओळख' नावाचा. त्यात डोहाकडली, मोहाजवळची, सगळं पक्कं बसेल. मग खोडायची गरजच नाही. पण वरच्या लोकांना तो रकाना का हवा हे पटवायचं तर तुम्ही आज काय करता ते लिहावंच लागेल. तो बराच वेळ दात कोरत बसला. शेवटी म्हणाला, "तुह्या भरवशावर हाय मी." पुढचे पंधरा दिवस तो सांगत गेला आणि मी लिहीत गेले, गावामागून गाव. टिंबवालीचंही त्याने सांगितलं. ती होती 'पहाटे येणारी'.

माझा अहवाल जाड झाला. त्यात एक परिच्छेद मी चारदा लिहिला, कारण तो मला सर्वांत आवडायचा. "येथील लिपिक नोंदवहीत पेन्सिलने खुणा करतात, तपासणीपूर्वी त्या खोडतात व नंतर आठवणीने पुन्हा लिहितात. या खुणा हीच या कार्यालयाची खरी यादी आहे." सरांनी वाचलं, चष्मा काढला, म्हणाले, "ही आहे अनालिस्ट." मी घरी येऊन अम्मीला सांगितलं, पुढच्या महिन्यात पत्र. अम्मीने ऐकून न ऐकल्यासारखं केलं, पण संध्याकाळी शेवया केल्या.

उद्घाटनाच्या दिवशी कार्यालयात मांडव घातला होता. मोठे साहेब आले, कॉम्प्युटरला हार घातला, नारळ फुटला. मी प्रिंटरशेजारी उभी होते, कागद अडकला तर काढायला. सरांनी मला तोवर प्रोग्राम दाखवलाच नव्हता. म्हणाले, त्याचं काम नागपूरला चाललंय, तू कागद सांभाळ. सर माईकवर आले आणि म्हणाले, "हा सगळा अभ्यास ज्यांनी केला, ते आमचे सिस्टीम अनालिस्ट इथे आहेत." मी ओढणी सारखी केली आणि पुढे झाले. दोन पावलं तरी गेलेच असेन. तेवढ्यात पहिल्या रांगेतून सरांच्या बायकोचा भाचा उठला. नागपूरचा. त्याने त्या गावात त्या दिवशी पहिल्यांदा पाय ठेवला होता. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो मी प्रत्यक्ष पाहिला, त्याने टायसुद्धा लावला होता. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी पुढे आलेच होते, म्हणून मीही वाजवल्या.

मग पडद्यावर यादी आली. नाव, पतीचे नाव, आडनाव, गाव. चार रकाने. पाचवा नव्हता. भाच्याने सांगितलं, सिस्टीमने दुबार नावं स्वतः शोधून काढली आहेत. साहेब खूश झाले, किती बोगस नावं होती बघा म्हणाले. मी गर्दीत भाऊला शोधलं. तो मांडवाच्या खांबाला धरून उभा होता आणि माझ्याकडे बघत होता. मला वाटलं जमिनीने मला गिळावं, पण तिथे फरशी होती.

त्याच संध्याकाळी मी सरांना गाठलं आणि इतकं बोलले की ड्रायव्हर गाडीतून उतरून लांब जाऊन उभा राहिला. सर शांत होते. म्हणाले, वरून आलेल्या नमुन्यात चारच रकाने आहेत. म्हणाले, मुलगी बघून साहेब लोक सह्या करायला कचरतात, तुला अजून जग कळत नाही. म्हणाले, पुढचं काम तुझंच. मी त्यांना खोटारडे म्हटलं. 'सर, तुम्ही खोटारडे आहात,' असं म्हटलं, सरसकट. मग चंद्रपूरला आले आणि अब्बांना सांगितलं की पत्र येणार नाही. अब्बांनी भिंग पुन्हा डोळ्यावर ओढलं. दुसऱ्या दिवशी अम्मीने स्थळांची चिठ्ठी डब्यातून बाहेर काढली.

तिकडे बायका खिडकीशी येऊ लागल्या. चौघींमधली एकच यादीत होती. कुठली, ते मशीनला ठाऊक नव्हतं आणि शाईला तर कधीच नव्हतं. जी आधी पोचली तिने धान्य नेलं, उरलेल्या तिघींना तुम्ही दुबार आहात असं सांगण्यात आलं. माणूस दुबार कसा असतो, हे त्यांना कुणी समजावू शकलं नाही. पायी आलेल्या होत्या, पायी परत गेल्या. तक्रारी वर पोचल्या, आणि वरून विचारणा आली की चूक कुणाची.

दोन महिन्यांनी सर अब्बांच्या दुकानात आले. मी तिथेच बसले होते, सेल बदलायचं काम मी करायचे. सरांनी अब्बांना सलाम केला, चहा मागवला, आणि काउंटरवर दोन कागद ठेवले. पहिला नेमणुकीचा. माझं नाव, खाली पद, सिस्टीम अनालिस्ट, खाली पगार. अब्बांनी भिंग लावून तो वाचला, एकेक अक्षर, आणि पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचायला लागले. इतक्या वर्षांत केसाएवढी स्प्रिंगही त्यांनी दोनदा तपासलेली मी पाहिली नव्हती.

दुसऱ्या कागदावर तीनच ओळी होत्या. "येथील लिपिक नोंदवहीत पेन्सिलने खुणा करतात, तपासणीपूर्वी त्या खोडतात व नंतर आठवणीने पुन्हा लिहितात. त्यामुळे मूळ नोंदवही विश्वासार्ह नाही, व यादीतील चुका त्यातून आल्या आहेत." खाली सहीची रिकामी जागा, सिस्टीम अनालिस्ट.

"प्रत्यक्ष पाहणाऱ्याची सही लागते," सर म्हणाले. "भाच्याने पाहिलेलं नाही. तू पाहिलंयस. पहिलं वाक्य तर तुझंच आहे, शब्दही बदललेला नाही."

खरं होतं. माझं दुसरं वाक्य तेवढं गेलं होतं आणि त्याच्या जागी त्यांचं आलं होतं. अब्बांनी विचारलं, "दूसरे में क्या है?" मी म्हटलं, "काम का काग़ज़ है, अब्बा." आपलेच दात, आपलेच ओठ. मला विचार करायला वेळ हवा होता असं मी पुढे पुष्कळदा स्वतःला सांगितलं, पण वेळ होता. चहा संपायचा होता, सरांना कसलीच घाई नव्हती. मी आधी दुसऱ्या कागदावर सही केली, मग पहिला उचलला. अम्मीने त्या रात्री शुक्राने के दो रकात पढ़े, आभाराची नमाज.

भाऊला नोटीस निघाली. त्यात लिहिलं होतं, 'संगणक संस्थेच्या अहवालानुसार'. सही करणाऱ्याचं नाव नोटिशीत नव्हतं, ते फाइलीत होतं. त्याची बदली भामरागडला झाली, निवृत्तीला वर्षसव्वा वर्ष असताना, त्या गुडघ्यांनिशी. सर पुढे मला दोन वर्षं राबवून घेऊन पगारवाढीच्या वेळी पुन्हा हातावर तुरी देऊन गेले, पण त्याचं मला आता काही वाटत नाही. तोवर माझ्या नावापुढे पद लागलं होतं, आणि त्या पदावर मला पुढची नोकरी मिळाली, तिच्यावर त्यापुढची. आज लोक मला यातली जाणकार समजतात. नव्या मुलांना मी शिकवते, कारकुनाच्या शेजारी बसा म्हणून.

बदलीच्या दुसऱ्या वर्षी, श्रावणात, भाऊ मला गडचिरोलीच्या बसस्टँडवर भेटला. पूर उतरून भामरागडचा रस्ता त्या दिवशी सुटला होता. तो तीन आठवडे इकडे अडकून पडला होता आणि रजा संपून गेली होती. वाळला होता. मी खांबामागे जायच्या बेतात होते, पण त्याने बघितलं.

"बाई! इथी कुठी?" त्याचा चेहरा खरोखर उजळला. "नोकरी लागली म्हन्ते तुले?"

"हो, भाऊ."

"बरं झालं. मले सारं समजलं. तुह्या सरानं तुहं नाव काढलं अन् भाच्याचं लावलं. मी हापिसात सगळ्याईले सांगतलं, पोरीले बोल लावू नका. त्यानं आपल्या दोघाईले फसवलं."

मला म्हणायला एक वाक्य पुरलं असतं.

"एक काम करजो," तो म्हणाला. गाडीत लोक चढत होते, त्याने पिशवी काखेत घेतली. "पेन्शनचा कागद अडून राह्यला, त्या नोटिशीपायी. तू आता अनालिस्ट झाली, तुह्या सहीले वजन असन. एक कागद लिवून दे, का हा मानूस लबाड नाई, ह्याच्या खुना खऱ्या होत्या. तू तं सोता पाह्यलं."

"देते, भाऊ," मी म्हणाले.

त्याने खिडकीतून हात हलवला. त्याच्या फाइलीत माझी एक सही आधीच होती. दुसरी केली असती तर ती फाइल उघडली असती आणि पहिली त्याला दिसली असती, म्हणून तो कागद मी दिला नाही.